एक प्रिंटर, अनेक संगणक : बिनतारी राउटरची निवड



घरात प्रिंटर असतो एक आणि त्याची गिऱ्हाइके असतात चार. ताईला प्रकल्पाची पाने छापायची असतात, बाबांना विम्याची पावती, आईला कार्यालयाचे पत्र आणि तुम्हाला परीक्षेचे प्रवेशपत्र. प्रिंटरची तार मात्र एकाच संगणकात खोचलेली असते. मग तार काढा, दुसरीकडे लावा, नाहीतर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या, अशी धावपळ सुरू होते. अशा वेळी दुकानदार सांगतो, "बिनतारी राउटर घ्या, सगळे प्रश्न सुटतील." हे खरे आहे का? कोणताही राउटर चालेल का? पैसे खर्च करण्यापूर्वी त्यामागचे विज्ञान समजून घेऊ या.

प्रिंटरसाठी जन्मलेले जाळे

संगणकांचे जाळे आणि प्रिंटर यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेसर किरणाने छापणारा प्रिंटर तयार केला. तो दर सेकंदाला सुमारे एक पान छापत असे. असे महागडे यंत्र प्रत्येकाच्या मेजावर ठेवणे शक्य नव्हते. केंद्रातील सर्व लहान संगणकांना तो एकच प्रिंटर वापरता यावा, ही गरज निर्माण झाली. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली 'ईथरनेट' या जाळ्याची कल्पना मांडली, तिच्यामागे ही गरज होती. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने त्यांनी हे जाळे प्रत्यक्षात आणले. त्यातून सेकंदाला सुमारे २९ लाख बिट माहिती वाहत असे.

मेटकाफ यांना ही युक्ती सुचण्यास हवाई बेटांवरील एक प्रयोग उपयोगी पडला. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली बेटाबेटांवरील यंत्रे रेडिओ लहरींनी एका मुख्य संगणकाला जोडली होती. सर्वजण एकाच कंप्रतेवर बोलत. दोघांचे संदेश एकाच वेळी निघाले, तर ते एकमेकांत मिसळून निरुपयोगी होत. मग प्रत्येक यंत्र थोडा वेळ थांबून पुन्हा संदेश पाठवी. हा 'थोडा वेळ' प्रत्येकाचा वेगळा, नशिबावर सोडलेला असे. त्यामुळे दुसऱ्या वेळी टक्कर होण्याचा संभव कमी होई.

तुमच्या घरातील वायफायही आज असेच शिस्तीने वागते. आधी कान देऊन ऐकायचे, कोणी बोलत नसेल तरच बोलायचे आणि पोच मिळाली नाही तर थोडे थांबून पुन्हा सांगायचे. वायफायचे पहिले मानक १९९७ साली ठरले, तेव्हा वेग सेकंदाला केवळ २० लाख बिट होता. आज त्याच्या शेकडो पट वेग मिळतो.

राउटर करतो काय?

राउटर म्हणजे घरातील छोटे टपाल कार्यालय समजा. संगणक कोणतीही माहिती सलग पाठवत नाही. तिचे लहान लहान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहितो. राउटर तो पत्ता वाचून तुकडा योग्य दिशेला धाडतो. घरातील प्रत्येक उपकरणाला राउटरच एक क्रमांकी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तुमच्या संगणकाकडून प्रिंटरकडे जाणारे तुकडे घरातल्या घरात फिरतात. त्यांना इंटरनेटवर जावे लागत नाही. म्हणूनच बाहेरची इंटरनेट जोडणी बंद पडली, तरी राउटर चालू असेल तर एरवी छपाई होऊ शकते. दोन्ही एकदम बंद पडले, तर प्रथम राउटरला वीज मिळते आहे का ते पाहावे.

प्रिंटर वाटून घेण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त. प्रिंटर एका संगणकाला जोडायचा आणि त्या संगणकाने तो इतरांना वापरू द्यायचा. यात अडचण अशी, की तो संगणक सतत चालू ठेवावा लागतो. तो संगणक बंद, तर सर्वांची छपाई बंद.

दुसरा मार्ग म्हणजे प्रिंटरची यूएसबी तार थेट राउटरच्या यूएसबी खाचेत लावणे. यूएसबीच्या रचनेत तारेच्या एका टोकाला एकच 'यजमान' असतो आणि बाकीची उपकरणे त्याच्या आज्ञेत वागतात. प्रिंटरला एका वेळी दोन यजमान चालत नाहीत. येथे राउटर स्वतःच यजमान होतो. सर्व संगणक आपापली कामे राउटरकडे सोपवतात आणि तो ती एकामागून एक प्रिंटरला देतो. या कामाला 'प्रिंट सर्व्हर' म्हणतात.

तिसरा मार्ग नव्या प्रिंटरांचा आहे. त्यांच्यात वायफाय किंवा जाळ्याच्या तारेची खाच आधीच बसवलेली असते. प्रिंटर स्वतःच जाळ्याचा सभासद होतो. अशा प्रिंटरसाठी राउटरला यूएसबी खाच असण्याची गरजच नाही. तेव्हा राउटर घेण्यापूर्वी आपल्या प्रिंटरची मागची बाजू नीट पाहा. ज्या सोयीची गरज नाही, तिच्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

उलट, घरातील जुना प्रिंटर केवळ यूएसबीचा असेल आणि उत्तम चालत असेल, तर तो भंगारात टाकून नवा घेण्याची घाई करू नका. योग्य राउटरमुळे तो आणखी काही वर्षे सर्वांच्या उपयोगी पडेल आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात तेवढीच भर कमी पडेल.

यूएसबी खाच दिसली म्हणून फसू नका

पुष्कळ राउटरांना यूएसबी खाच असते, पण ती फक्त पेन ड्राइव्ह किंवा मोबाइल इंटरनेटचे डोंगल लावण्यासाठी असते. खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत 'प्रिंट सर्व्हर' असे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत का, ते वाचा. राउटर बनवणाऱ्यांपैकी काही जण चालणाऱ्या प्रिंटरांची यादीही देतात. तिच्यात आपल्या प्रिंटरचा नमुना क्रमांक शोधा.

यादीची गरज का पडते? काही प्रिंटर हुशार असतात. 'येथे वर्तुळ काढ, येथे हे अक्षर लिही' अशी वर्णनात्मक भाषा त्यांना समजते. काही स्वस्त प्रिंटरांना मात्र पानातील ठिपकान्‌ ठिपका संगणकाने तयार करून द्यावा लागतो आणि त्यासाठी दोघांत सतत सवाल-जबाब चालतात. राउटरला मधला निरोप्या केले, की हे सवाल-जबाब कधी कधी तुटतात. छपाई, स्कॅन आणि नक्कल अशी तिन्ही कामे करणाऱ्या यंत्रांत हा अनुभव नेहमी येतो. छपाई होते, पण स्कॅन होत नाही. स्कॅन करणे महत्त्वाचे असेल, तर त्याबद्दल खरेदीपूर्वीच खात्री करून घ्यावी.

वेगाचे गणित

खोक्यावर 'एसी १२००' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. हा आकडा दोन पट्ट्यांच्या वेगांची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८६७ मेगाबिट. बेरीज ११६७ येते, ती १२०० म्हणून लिहितात. एका वेळी एका उपकरणाला ही बेरीज मिळत नाही आणि प्रत्यक्षातील वेग छापील आकड्यापेक्षा बराच कमी असतो.

छपाईला किती वेग लागतो, हे आपणच काढू. ए-४ आकाराच्या पानावर इंचाला ३०० ठिपके धरले, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात. गुणाकार आला सुमारे ८७ लाख. प्रत्येक रंगीत ठिपक्यासाठी २४ बिट धरले, तर एका पानाला सुमारे २१ कोटी बिट लागतील. वायफायचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ५ कोटी बिट असेल, तर हे पान सुमारे ४ सेकंदांत पोहोचेल. शिवाय माहिती सहसा दाबून लहान केलेली असते, म्हणजे वेळ आणखी कमी. घरगुती प्रिंटरला असे रंगीत पान छापायला याहून बराच जास्त वेळ लागतो. तेव्हा केवळ छपाईसाठी सर्वांत वेगवान, महागडा राउटर घेण्यात अर्थ नाही.

भिंती, पाणी आणि लोखंड

२.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झ लहरींची ६ सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्यात वेग जास्त, पण भिंतीतून पार होताना त्या लहरी अधिक क्षीण होतात. वाड्याची जाड दगडी भिंत, कोकणातील जांभ्याची भिंत किंवा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आड आला, की फरक लगेच जाणवतो. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले, की लहरींची तीव्रता एक चतुर्थांश उरते. म्हणून दोन्ही पट्टे असणारा राउटर घ्यावा. कित्येक प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा समजतो, हेही ध्यानात ठेवावे.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांच्यापासून तो दूर असावा. ही भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच लहरी वापरते.

दोन राउटर, दोन गावे

फायबरची जोडणी देणारी कंपनी जी पेटी बसवून जाते, ती पुष्कळदा स्वतःच राउटर असते. तिच्यामागे तुम्ही आणखी एक राउटर लावला, तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. प्रिंटर एका जाळ्यात, तुमचा फोन दुसऱ्यात. मग 'प्रिंटर सापडत नाही' असा संदेश येतो आणि बिचाऱ्या प्रिंटरला दोष मिळतो. यावर उपाय म्हणजे दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' या पद्धतीवर ठेवणे. मग दोन्ही मिळून एकच जाळे बनते.

दुसरी नेहमीची तक्रार वीज जाऊन आल्यावरची. राउटर पुन्हा सुरू होताना उपकरणांना नवे पत्ते वाटू शकतो. संगणक मात्र प्रिंटरला जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरच्या मांडणीत प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. प्रिंटर स्वतः जाळ्याचा सभासद असेल, तर हे काम पहिल्याच दिवशी करावे.

कार्यालयात आणि शाळेत

जेथे दहा-वीस माणसे एकच प्रिंटर वापरतात, तेथे यूएसबी खाचेच्या भरवशावर राहू नये. जाळ्याची तार थेट प्रिंटरला जोडणे अधिक खात्रीचे.

तेथे गुप्ततेचा प्रश्नही मोठा असतो. विचार करा, शाळेच्या ज्या वायफायचा परवलीचा शब्द सर्वांना ठाऊक आहे, त्याच जाळ्यावर प्रश्नपत्रिका छापल्या जात असतील तर? पाहुण्यांसाठी वेगळे जाळे देण्याची सोय राउटरमध्ये असावी. त्या जाळ्यावरून इंटरनेट मिळते, पण प्रिंटर दिसत नाही. राउटर निदान डब्ल्यूपीए-२ आणि शक्य असल्यास २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा देणारा असावा. त्याच्याबरोबर आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवू नये आणि त्याची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी.

करून पाहा

आलेख कागदावर आपल्या घराचा नकाशा काढा. राउटरची जागा फुलीने दाखवा. मोबाइल फोन घेऊन प्रत्येक खोलीत उभे राहा आणि वायफायच्या चिन्हातील रेघा मोजून नकाशावर लिहा. आधी २.४ आणि मग ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नोंदी घ्या. त्यानंतर राउटर दोन हात उंच ठेवून पुन्हा मोजा. कोणत्या भिंतीने जास्त लहरी अडवल्या? प्रिंटर ठेवायला चांगली जागा कोणती?

हा नकाशा, प्रिंटरचा नमुना क्रमांक आणि 'स्कॅन हवे का, माणसे किती, भिंती कशा' या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा. तो कागद घेऊन दुकानात गेलात, तर दुकानदाराला काय विचारायचे ते तुम्हाला ठाऊक असेल. कदाचित असेही ध्यानात येईल, की घरातला राउटर पुरेसा आहे आणि फक्त त्याची जागा बदलायला हवी!