ईगलेट्सचे पाच चषक

१७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक नायजेरियाने पाच वेळा जिंकला आहे: १९८५, १९९३, २००७, २०१३ आणि २०१५. ब्राझीलच्या खात्यावर चारच. शिवाय नायजेरियाला तीनदा उपविजेतेपद. नायजेरियाचा मोठ्यांचा संघ मात्र विश्वचषकात शेवटच्या सोळांच्या पुढे कधी गेलेला नाही, आणि २०२२ व २०२६ साठी तर तो पात्रही ठरला नाही. या विसंगतीचं कारण बहुतेक जण चटकन सांगून मोकळे होतात: वयचोरी. मला ते अपुरं वाटतं. ‘गोल्डन ईगलेट्स’ म्हणवल्या जाणाऱ्या या कुमार संघाचे चषक म्हणजे देशभरातून मुलं हेरायची, शिबिरात घोटून घ्यायची आणि तीन आठवड्यांच्या स्पर्धेत उतरवायची, या कसबाचं यश आहे. त्या मुलांना पुढची पाच-सहा वर्षं सांभाळणारी व्यवस्था देशात उभीच राहिली नाही.

वयाचा आरोप हवेतला नाही. काही खेळाडूंच्या जन्मतारखा स्पर्धेगणिक बदलल्याचं आढळल्यावर १९८९ मध्ये फिफाने नायजेरियाला कुमार स्पर्धांतून दोन वर्षं बाहेर काढलं; १९९१ च्या २० वर्षांखालील स्पर्धेचं यजमानपदही गेलं. पुढे २००९ च्या विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय चाचणी आली. मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. ती पूर्ण सांधली गेली असेल, तर मुलगा सतरा ओलांडून गेलेला असण्याची शक्यता फार मोठी. वयचोरी हेच सगळं गुपित असतं, तर यानंतर यश आटायला हवं होतं. पण नायजेरिया २००९ मध्ये उपविजेता ठरला, २०१३ मध्ये अबूधाबीत त्याने मेक्सिकोला ३-० ने हरवलं आणि २०१५ मध्ये मालीला २-०. पट्टी उशिरा सांधणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा या चाचणीतूनही निसटतो, असं कुणी म्हणेल. निसटतो खरा, पण ती फट सगळ्याच देशांना सारखी उघडी आहे. २०१६ चा दाखला जास्त अडचणीचा: पात्रता सामन्यांपूर्वी वीसहून अधिक मुलं चाचणीत नापास झाली आणि संघ नायजरकडून हरून बाहेर पडला. त्यामुळे २०१७ मध्ये नवी मुंबई आणि मडगावला विश्वचषकाचे सामने रंगले, तेव्हा गतविजेते तिथे नव्हतेच. खोड गेली नव्हती, हे यावरून मान्य करावंच लागतं. पण इतकी मुलं गळल्यावर तोलामोलाची दुसरी फळी हाताशी नव्हती, हेही त्यातूनच दिसतं.

२००७ च्या स्पर्धेतले दोन खेळाडू शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. नायजेरियाचा मॅकॉली क्रिसांटस सात गोलांसह सर्वाधिक गोल करणारा ठरला. सर्वोत्तम खेळाडूचा मान तिसऱ्या आलेल्या जर्मनीच्या टोनी क्रोसला मिळाला. क्रोस तेव्हाच बायर्नच्या कुमार संघात होता. सात वर्षांनी तो मोठ्यांचा विश्वविजेता झाला. क्रिसांटस हॅम्बुर्गला गेला, पण त्याची कारकीर्द बरीचशी दुय्यम लीगमध्ये गेली आणि देशाच्या मोठ्या संघात त्याचा जम बसला नाही. केवळ गुणवत्तेतल्या फरकाने हे समजावता येत नाही.

कानू, बाबायारो, ओरुमा यांचं काय, असं कुणी विचारेल. १९९३ च्या विजेत्या संघातले हे तिघे १९९६ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन आले. पण तोवर ते अनुक्रमे आयाक्स, आंडरलेख्ट आणि लाँस या क्लबांचे झाले होते. २०१५ मध्ये विक्रमी दहा गोल करणारा व्हिक्टर ओसिमेनही बेल्जियम, फ्रान्स आणि इटलीतच घडत गेला. जिथे युरोपच्या क्लबने मुलगा वेळेवर उचलला आणि नीट खेळवला, तिथे ईगलेट्सचं यश टिकलं. म्हणजे ज्या गोष्टीचं श्रेय नायजेरियाचा फुटबॉल महासंघ घेतो, ती त्याच्या हातात नव्हतीच. याच्या उलट उदाहरण स्वित्झर्लंडचं. २००९ मध्ये अबुजात, नायजेरियाच्या घरच्या मैदानावर, स्वित्झर्लंडने नायजेरियाला अंतिम सामन्यात १-० ने हरवलं. स्विस मुलांचा तो पहिलाच विश्वचषक. गोल हारिस सेफेरोविचचा; सोबतीला ग्रानिट जाका आणि रिकार्डो रॉड्रिगेझ. २०२१ च्या युरो स्पर्धेत विश्वविजेत्या फ्रान्सला स्वित्झर्लंडने बाहेर काढलं, तेव्हाही हे तिघे मैदानात होते आणि सेफेरोविचने दोन गोल केले.