आधी तिथी सांगा

मे लागला की मुंबई-ठाण्याकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मुलांच्या शाळा सुटलेल्या असतात, शिबिरांची फी ऐकून आईबापांना घाम फुटलेला असतो, आणि मग कुणाला तरी आठवतं की आपली एक आत्या डहाणू रोडला राहते. पुढचं वाक्य मला आता पाठ झालं आहे. "तुमचा समुद्र बरा गं आत्या, लाटाच नसतात. पोरांना सोडून दिलं की आपण निवांत."

या वाक्यावर मी निदान पंधरा वर्षं वाद घालते आहे. वाक्याचा पहिला भाग खरा आहे. डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा किनारा फार मंद उताराचा. लाटा लांबवरच उथळ पाण्यात दमतात आणि उन्हाळ्यात वाळूपर्यंत येते ती फक्त फेसाची कड. पण आमच्याकडे धोका लाटेतून येत नाही, भरतीतून येतो. लाटेला आवाज असतो, भरतीला नसतो. जो समुद्र पाहुण्यांना गरीब वाटतो, तो खरं तर मुका आहे.

नकाशा उघडून बघा. डहाणूच्या वर खंभातचं आखात आहे, नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं. भरतीचं पाणी त्यात शिरतं, जागा कमी पडते आणि पाणी उंच चढतं. पार आत भावनगरला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्याही वर जातो. आम्ही त्या नरसाळ्याच्या तोंडापाशी, त्यामुळे आमचा फरक तेवढा नसला तरी मुंबईपेक्षा जास्त. मोठ्या उधाणाला 4 मीटरहून अधिक. उतार मंद असल्यामुळे ओहोटीला पाणी काही ठिकाणी अर्धा किलोमीटर मागे जातं.

आता हिशेब करू, कारण "असं कितीसं वाढणार पाणी" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा ढोबळ ठोकताळा असा: एकूण चढाचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे 4 मीटरच्या भरतीत एकट्या तिसऱ्या तासात पाणी 1 मीटर चढतं. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते. आत्ता ज्या जागी त्याची फक्त पावलं भिजली आहेत, तिथे तासाभरात पाणी त्याच्या डोक्याला लागेल.

"मग मागे सरकायचं, त्यात काय?" हेही मी ऐकलं आहे, आणि प्रश्न रास्त आहे. 500 मीटरच्या वाळवंटावर तासाला 1 मीटर चढ म्हणजे पाण्याची कड मिनिटाला जेमतेम 2 मीटर पुढे येते. रांगतं बाळही तिला हरवेल. पण किनारा म्हणजे इस्त्री केलेली चादर नव्हे. मध्ये वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांच्यामागे सखल पट्टे. मुलं कोरड्या उंचवट्यावर किल्ला करत बसतात, आईबाप समोर सूर्याचे फोटो काढतात, आणि पाणी बाजूने वळून मागचा सखल पट्टा आधी भरतं. पाठीमागे कुणी बघत नसतं. खाडीच्या तोंडाशी तर याच पाण्याला ओढ असते. तिथे पोहणारा मोठा माणूसही टिकत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी माझा भाचा बायकोमुलांना घेऊन आला होता. मी घरी स्वयंपाकात. त्यांनी चपला वाळूवर नीट रांगेत ठेवल्या, मोठ्यांच्या दोन जोड्या, लहानांच्या दोन, आणि पाण्याच्या मागे चालत गेले. परत वळले तेव्हा वाटेत घोटाभर पाणी, मग गुडघाभर. धाकटीला कडेवर घेऊन आले. मोठ्याची एक निळी चप्पल शेवटपर्यंत मिळाली नाही. घरी आल्यावर भाचा म्हणाला, "अगं, एकही लाट आली नाही!" मी म्हटलं, तेच तर.

त्या दिवशी द्वादशी होती, आणि ते निघतानाच मी तिथी विचारायला हवी होती. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराला ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. मुंबईहून आमच्याकडे भरती थोडी उशिरा पोचते, म्हणून तासाभराची सूट ठेवा. हे पंचांग पाहणं म्हणजे अंधश्रद्धा असं एका शिकलेल्या पाहुण्याने मला सुनावलं होतं. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचं माप. भरती त्या दोघांच्याच ओढीने येते. तरी विश्वास नसेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. ते पाहा. पण काहीतरी पाहा.

द्वादशीचं गणित मांडा म्हणजे चप्पल का गेली ते कळेल. बाराचे पाऊण नऊ. भरती रात्री नऊला, म्हणजे ओहोटी तीनच्या सुमारास, आणि चढाचा सगळ्यात जोराचा वेळ पाच ते सात. ऊन उतरल्यावर सगळी कुटुंबं वाळूवर येतात ती याच वेळी. शिवाय पौर्णिमा-अमावास्या जवळ आलेली, उधाण वाढत चाललेलं. म्हणून द्वादशी-त्रयोदशीच्या संध्याकाळी मी घरातल्या मुलांना वाळूच्या वरच्या कडेलाच ठेवते. पाण्यात डुंबायचं असेल तर अष्टमीच्या आसपास या. तेव्हा भांगाची भरती, चढउतार कमी, आणि संध्याकाळी पाणी आपणहून जवळ आलेलं असतं. तेव्हाही मुलाचा हात सुटेल इतकं लांब जायचं नाही, हे सांगायला नको.

पौर्णिमेला उलट. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते, पंधरा दिवस चालते, पाहुणे पाळण्यात बसून, खेळणी घेऊन, दमून संध्याकाळी किनाऱ्यावर येतात आणि म्हणतात, "समुद्र कुठे गेला?" ओहोटीला गेला. ही तक्रार नव्हे, सुट्टीतली सगळ्यात चांगली वेळ आहे. ओल्या वाळूवर लहान खेकडे वाळूच्या गोळ्यांची नक्षी करत असतात. आपण हललो की बिळात, स्थिर राहिलो की पुन्हा बाहेर. खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात. मी मुलांना एक काठी देते. पाण्याच्या कडेला रोवायची, दर दहा मिनिटांनी कडेपासून काठीपर्यंत पावलं मोजायची आणि वाळूत आकडा लिहायचा. पाणी मागे जात असेल तर आकडा वाढतो. ज्या क्षणी आकडा कमी झाला, त्या क्षणी सगळ्यांनी वर चालू लागायचं. भाच्याचा मोठा मुलगा आता हे काम कुणाला करू देत नाही. कुठल्याही शिबिराच्या फीपेक्षा स्वस्त.

किनाऱ्याबद्दलच आणखी एक. वाळू काळी आणि पाणी गढूळ, म्हणजे सगळी घाण, असं समजून मुलांना वर ओढणारेही असतात. वाळू काळी कारण ती आपल्या काळ्या दगडाची, बेसॉल्टची. पाणी गढूळ कारण भरतीचा जोर तळाचा गाळ बसूच देत नाही. प्लास्टिक मात्र नक्की घाण आहे, आणि ते बऱ्याचदा याच लोकांच्या पिशवीतून येतं.

पाहुण्यांची बाकीची वाक्यंही ठरलेली आहेत. "वारा असतो, ऊन लागत नाही." लागतं. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. वाऱ्याने फक्त बरं वाटतं. अकरा ते चार मुलं घरात. आणि त्या वेळात बहरोटच्या डोंगरावर चढायची हौस नको, पारशांच्या पवित्र अग्नीची ती गुंफा हिवाळ्यातही तिथेच असते.

"झाडावरचा पिकलेला चिकू खाऊ." चिकू झाडावर पिकत नाही. उतरवून चार-सहा दिवस ठेवावा लागतो. तोडून लगेच चावला तर चिकाने ओठ चिकटतात. घोलवडच्या वाडीत मुलांना चिकू उतरवू द्या, घरी नेऊन पिकवू द्या. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आहे, थोडी वाट बघण्याइतका त्याचा मान आहे. हावरटांसाठी मेमध्ये लिची आणि ताडगोळे आहेत.

"वारली म्हणजे त्रिकोण आणि गोल, मुलं तासाभरात शिकतात." त्रिकोण शिकतात. मूळची ही चित्रं लग्नघरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढत, आणि तो लग्नविधीचाच भाग होता. आमच्या तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती रोजच्या जगण्याकडे आणि कागदावर आणली; त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना एवढी गोष्ट सांगून मग ब्रश द्या.

"डहाणूला भूकंप होतात, पोरांना कशाला न्यायचं?" नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या बाजूला धक्के बसले, बहुतेक अगदी लहान. भिंतींना तडे गेले ते तिथल्या गावकऱ्यांच्या. एका दिवसासाठी येणाऱ्याने त्याचं भांडवल करू नये.

"कासवांच्या दवाखान्यात मुलांना कासवं दाखवू." ते जखमी समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे, मत्स्यालय नव्हे, आणि किनाऱ्याला कासवं लागतात ती मुख्यतः पावसाळ्यात.

आणि "लोकल काय, दर दहा मिनिटांनी." विरारपर्यंत. एप्रिल 2013 पासून लोकल डहाणू रोडला येते खरी, पण मोजक्या फेऱ्या. परतीची गाडी बघून ठेवा, नाहीतर झोपलेली मुलं खांद्यावर घेऊन फलाटावर तासभर बसावं लागतं, आणि मग रात्री दहाला पुन्हा माझ्याच घराची बेल वाजते.