मूठभर सळ्यांचा दाम

'रोख दाम मोजलेत, फुकट नाही घेतलं!' असं ठसक्यात म्हणताना आपण प्राचीन ग्रीकांच्या मांस भाजायच्या सळ्यांचा हिशेब सांगत असतो, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी येईल का?

नाणी पाडली जाण्याआधी ग्रीसमध्ये लोखंडी सळ्या चलनासारख्या वापरत. एका सळईला म्हणायचे 'ओबोलोस'. मुठीत मावतील अशा सहा सळ्या म्हणजे एक 'द्राख्मे', अर्थात मूठभर. ही नुसती दंतकथा नव्हे. अर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात अशा सळ्यांची जुडीच उत्खननात सापडली आहे. पुढे चांदीची नाणी आली, सळ्या गेल्या, पण सहा ओबोलांचा एक द्राख्म हे गणित तसंच राहिलं.

हा द्राख्म भारतात आला तो बॅक्ट्रियातून उतरलेल्या ग्रीक राजांबरोबर. त्यांच्यातलाच मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथातला मिलिंद. हेच नाव आपण आज मुलांना हौसेनं ठेवतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे, की मिनँडरचे जुने द्राख्म तेव्हाही भडोच बंदरात चालत. राजा जाऊन दोनेक शतकं लोटली होती, तरी नाणं खणखणत होतं!

संस्कृतानं त्याला 'द्रम्म' केलं आणि पुढचं काम बोलणाऱ्यांच्या जिभेनं केलं. 'कर्म'चं कम्म होऊन 'काम' झालं, 'चर्म'चं चम्म होऊन 'चाम' झालं, त्याच वाटेनं द्रम्म, दम्म आणि मग दाम. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) कोष्टकच आहे: 16 पण म्हणजे एक द्रम्म, 16 द्रम्म म्हणजे एक निष्क.

इथून मात्र दामाची घसरण सुरू झाली. अकबराच्या काळी तो तांब्याचा होता आणि रुपयाला 40 मिळत. त्याच्याही खालची त्याची पिल्लं म्हणजे दमडी आणि छदाम. चमडी गेली तरी दमडी न सोडणारा कंजूष जिवापाड जपतो ती ही पार झिजलेली ग्रीक मूठ. शेवटी नाणंच उरलं नाही, तेव्हा दाम म्हणजे किंमत, पैसा, मुद्दल असा अर्थ पसरला. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा सावकाराला लगाम घालणारा जुना नियम 'दामदुप्पट' याच नावानं मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानला.

द्राख्मची दुसरी शाखा अरबांकडे जाऊन 'दिरहम' झाली. दुबईत नोकरी करणारा मराठी माणूस पगार घेतो तो दामाच्या या चुलतभावातच. खुद्द ग्रीसनं मात्र 2002मध्ये युरोच्या नोटा हाती घेतल्या आणि द्राख्म मोडीत काढला. माहेरी बंद पडलेलं नाणं आपल्या बोलण्यात अजून वटतंय.