व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी बाकांवर बसणाऱ्या निवृत्त मंडळींच्या बोलण्यात आता डॅलस, टोरांटो, मेलबर्न ही गावं इचलकरंजी-जयसिंगपूरइतक्या सहज येतात. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची, आता आईच बॅगा भरून लेकीकडे जाते. गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, शेवटी दोन प्रश्नांवर येतातच. तिकडे किती दिवस राहता येतं? आणि एकदा परत आलो की पुन्हा कधी जाता येतं? लेकीकडे जायच्या निमित्तानं मी हे नियम वाचायला घेतले आणि त्यांचा नादच लागला. आता ओळखीचे लोक पासपोर्ट घेऊन घरी येतात, चहा होतो आणि आम्ही पानं उलटत बसतो. या बैठकांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या मुक्कामाचा हिशेब आई-वडिलांनी स्वतः ठेवायला हवा. मुलगा इंजिनिअर आहे, तो बघेल, असं म्हणून चालत नाही. मुलगा आपल्या नोकरीच्या व्हिसाचे नियम कोळून प्यालेला असतो, पण पाहुण्यांच्या व्हिसाचे नियम वेगळे असतात.

व्हिसा मिळवण्याचं आधी उरकतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. पासपोर्टसाठी आता पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, कोल्हापुरात पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. अमेरिकेसाठी डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर फी भरायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला उभं राहायचं. मुलाखत मराठीतून देता येते. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि उगाच इंग्रजीची घोकंपट्टी चालते. मोबाइल आत नेता येत नाही. जुना व्हिसा संपल्यावर मुलाखतीशिवाय नवा मिळण्याची सवलत २०२५ मध्ये बरीच आक्रसली आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी ताजा नियम वाचावा.

बीकेसीच्या आधी हा सोहळा ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रोडवरच्या लिंकन हाऊसमध्ये व्हायचा. मूळचा हा वांकानेरच्या महाराजांचा वाडा. १९५७ मध्ये तो अमेरिकन सरकारकडे गेला आणि २०११ मध्ये वकिलात बीकेसीत हलेपर्यंत महाराष्ट्रातल्या कित्येक आई-बापांनी त्याच्या भिंतीला लागून रांगा लावल्या. कोल्हापूरची माणसं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रातोरात यायची आणि स्टेशनवरच तोंड धुऊन थेट रांगेत उभी राहायची. सातबारा, घराचा उतारा, ठेवींच्या पावत्या, पेन्शनचं पुस्तक, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये. खिडकीतला अधिकारी बहुधा फाइल उघडायलाही सांगत नसे. आजही तसंच आहे. १९५२ च्या अमेरिकन कायद्याच्या २१४-बी कलमानुसार अर्जदार तिकडे कायमचा राहायला निघाला आहे, असंच आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही हे आपण पटवायचं असतं, आणि ते दोन-तीन प्रश्नांच्या उत्तरांतच ठरतं. ‘सुनेचं बाळंतपण आहे, दिवाळीच्या आत परत येणार, शेती आहे’ असं खरं आणि थोडक्यात बोलणाऱ्यांचं काम होताना मी पाहिलं आहे.

आता माझ्या खऱ्या आवडीचा भाग. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा दहा वर्षांचा असतो आणि तो पाहून माणसाला वाटतं, दहा वर्षांचा प्रश्न मिटला. त्या कागदाचा अर्थ एवढाच की, दहा वर्षांत कधीही अमेरिकेच्या दारापर्यंत जाता येईल. आत किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. तो सहसा सहा महिने देतो, पण कमीही देऊ शकतो. त्याच्या या निर्णयाच्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पूर्वी हा पांढरा कागद पासपोर्टला टाचलेला असायचा आणि परतताना विमान कंपनीकडे द्यावा लागायचा. २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांची नोंद संगणकात होते. आता तर कित्येकदा पासपोर्टवर शिक्काही उमटत नाही. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची तारीख आपल्या हातातल्या कुठल्याच कागदावर नसते.

ती पाहायची कशी? अमेरिकन सीमाशुल्क खात्याच्या आय-९४ च्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर घातला की पान उघडतं. त्यात प्रवेशाची तारीख, बी-टू हा पाहुण्यांचा वर्ग आणि ‘ॲडमिट अंटिल डेट’ ही ओळ असते. १० मे रोजी उतरलात, तर तिथे साधारणपणे ९ नोव्हेंबर दिसते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याची ही तारीख नेहमीच्या हिशेबाच्या कितीतरी आधीची निघाली. कारण शोधलं, तर काकींचा पासपोर्टच त्या दिवशी संपत होता. पासपोर्टची मुदत कमी असेल तर मुक्कामही तेवढाच मिळू शकतो. परतीचं तिकीट त्यानंतरचं होतं, ते बदलून घेतलं आणि निभावलं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं की, पासपोर्टची वर्षभराहून कमी मुदत उरली असेल तर आधी नवा काढा. जुन्या पासपोर्टवरचा चालू व्हिसा वाया जात नाही, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे.

तारीख ओलांडली तर काय? एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो आणि पुढचा अर्ज मायदेशातूनच करावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा मुक्काम झाला तर परतल्यावर तीन वर्षं, आणि वर्ष किंवा अधिक झाला तर दहा वर्षं प्रवेशबंदी, हा १९९६ चा कायदा आहे. आजारपणासारखं खरं कारण असेल तर तारखेच्या आत आय-५३९ हा अर्ज करून मुदत वाढवून मागता येते. २०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली, तेव्हा तिकडे अडकलेल्या कितीतरी आजी-आजोबांनी हाच अर्ज भरला आणि मे महिन्यापासून ‘वंदे भारत’च्या विमानांनी ते परतले.

काहींना वाटतं, मध्येच कॅनडाला जाऊन आलं की पुन्हा नवे सहा महिने मिळतात. तसं होईलच असं नाही. तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोहून परत आलात तर बहुधा जुनीच तारीख चालू राहते. नायगारा पाहायची हौस असेल तर अमेरिकेच्या बाजूनं पाहावा. पलीकडे पाऊल टाकायला कॅनडाचा व्हिसा लागतो.

‘पुन्हा कधी जायचं?’ याला अमेरिकेत लिखित उत्तर नाही. जितके दिवस तिकडे राहिलात निदान तितके इकडे राहा, हा आपल्या लोकांनी अनुभवातून काढलेला ठोकताळा आहे आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. सहा महिने राहून महिनाभरात पुन्हा दारात उभं राहिलं की अधिकाऱ्याला शंका येणारच. आपल्या घरांनी यावर आपली रीत शोधली आहे : नातवंड झालं की आधी विहीणबाई आणि व्याही जातात, ते परतले की आपण. नातवंडाचं पहिलं वर्ष दोन्ही आज्या अशा वाटून घेतात आणि कुणाच्याच पासपोर्टवर ताण येत नाही.

मुलगा अमेरिकन नागरिक झाला की आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाची टूम निघते. माझं स्पष्ट मत सांगतो : ज्यांना कोल्हापुरातच राहायचं आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. ग्रीन कार्ड हे तिकडे राहणाऱ्यांसाठी आहे, ये-जा करण्याचा पास म्हणून ते चालत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की प्रश्न सुरू होतात. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. त्यासाठी ‘री-एंट्री परमिट’ घ्यावं लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं.

आई-वडिलांचा सगळ्यात जास्त विचार केला असेल तर कॅनडानं. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी ‘सुपर व्हिसा’ आणला. सुरुवातीला एका खेपेत दोन वर्षं राहता यायचं, जुलै २०२२ पासून पाच वर्षं राहता येतं. निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा, वैद्यकीय तपासणी आणि मुलाचं ठरावीक उत्पन्न एवढं मात्र लागतं. न्यूझीलंडनंही सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांचा पालक व्हिसा सुरू केला. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांचा आहे, पण महाग. तिथल्या साध्या व्हिजिटर व्हिसावर ‘८५०३’ ही अट छापली असेल तर तिथे राहून मुदत वाढत नाही, तेव्हा ते पत्र नीट वाचा. ब्रिटनमध्ये एका भेटीत सहा महिने. नातवंडं सांभाळायला हरकत नाही, पण पगारी दाईची जागा भरून काढायला आलात असं वाटता कामा नये.

युरोपातल्या शेंगेन देशांत मागच्या १८० दिवसांत ९० दिवस, हा हिशेब रोज पुढे सरकतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथेही शिक्क्यांची जागा संगणक घेऊ लागला आहे. इथे आपल्या राजाराम महाराजांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. करवीरचे हे तरुण छत्रपती १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथल्या कॅशिने बागेत त्यांची छत्री उभी आहे आणि त्यावरून जवळच्या पुलालाही ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, हे नाव मिळालं आहे. त्यांच्या वेळी असल्या कागदांची सक्ती नव्हती; हिंदुस्थानात पासपोर्टची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धात, आणि त्याचा कायदा १९२० चा. युरोपात मुलांकडे जाणाऱ्या कोल्हापूरकरांनी नव्वदांतला एक दिवस त्या छत्रीसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

परत येण्याच्या नियमांत आपलं सरकारही मागे नव्हतं. मुंबई हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीच्या अटकेनंतर, २००९ च्या अखेरीपासून, टुरिस्ट व्हिसावर येऊन गेलेल्या परदेशी माणसाला दोन महिने पुन्हा येता येत नसे. तीन वर्षांनी, २०१२ च्या डिसेंबरात, ही अट बहुतेक देशांसाठी उठली. तिकडे जन्मलेल्या नातवंडांचं ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढून ठेवलं की असल्या भानगडींपासून ती बरीचशी मोकळी राहतात.

आता दोन घरगुती गोष्टी. मे-जूनमध्ये गेलेल्यांचे सहा महिने नोव्हेंबर-डिसेंबरात संपतात, आणि पेन्शनरांचा हयातीचा दाखला नेमका नोव्हेंबरात द्यायचा असतो. डिजिटल ‘जीवन प्रमाण’ २०१४ पासून आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. आपल्या बँकेला किंवा कोषागाराला ते चालतं का, एवढं निघण्यापूर्वी विचारून ठेवा. दुसरी गोष्ट कांदा-लसूण चटणीची. अमेरिकेला जाताना ती केबिनच्या पिशवीत ठेवू नका, ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त पूड असली की तपासणीत अडते. मोठ्या बॅगेत घट्ट बांधून न्या आणि उतरल्यावर खाद्यपदार्थ आहेत असं सरळ सांगा. लेक दुबईला असेल तर चटणी कुटतानाच खसखस वगळा. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ‘मसाल्यात होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.

यंदा जे निघणार आहात, त्यांना एवढीच विनंती : पोहोचल्यावर झोप झाली की मुलाला शेजारी बसवून तुमची आय-९४ ची नोंद उघडायला लावा, तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहेत का ते पाहा, आणि त्या पानाची एक छापील प्रत पासपोर्टच्या आत ठेवा.