सल्लागार एक, विद्यार्थी किती?
न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ साली ‘एसॅप’ हा उपक्रम सुरू केला. एरवी तिथे एका शैक्षणिक सल्लागाराच्या वाट्याला ६०० ते १,५०० विद्यार्थी येत; एसॅपमध्ये ६० ते ८०. एवढ्यांची नावे, अडलेले विषय, घरची ओढाताण माणसाच्या लक्षात राहू शकते. शुल्कातली तूट भरून निघे; पाठ्यपुस्तके, प्रवासाचा पास हेही मिळे. रिकाम्या खिशाला नुसता सल्ला पुरत नाही. पूर्णवेळ शिकण्याची अट मात्र होती. २०१५ च्या अहवालानुसार तीन वर्षांत पदवी मिळवणारे एसॅपमध्ये ४० टक्के होते, तर उपक्रमाबाहेर ठेवलेल्या तशाच गटात २२ टक्के. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांनीही हीच पद्धत उचलली.