भोजराजाचा मासा आणि नसेवरची गाठ

धारच्या भोजराजाचं डोकं ठणकू लागलं. सगळे वैद्य हरले, तेव्हा साक्षात अश्विनीकुमार ब्राह्मणवेशात आले. मोहचूर्णानं राजाला बेशुद्ध करून त्यांनी कवटी उघडली, आत शिरलेला मासा काढून भांड्यात टाकला, कवटी जोडली आणि संजीवनीनं राजाला जागं केलं. ही कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तली. भोज अकराव्या शतकातला, बल्लाळ त्याच्यानंतर सुमारे ५०० वर्षांनी झाला. त्यामुळे ही देशातली पहिली मेंदूशस्त्रक्रिया म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. पण भूल, कवटीला खिडकी, जोडणी, मग शुद्ध हा क्रम कथाकारानं इतका चोख लावला, याचं नवल वाटतंच. एक गोष्ट मात्र त्यानं फारच सोपी केली: मासा अख्खा निघाला.

कानाच्या नसेवरची मोठी गाठ अशी अख्खी निघत नाही.

ऐकण्याची आणि तोलाची नस अंतर्कर्णातून जोडीनं निघते आणि हाडातल्या जेमतेम सेंटिमीटरभर लांब बोगद्यातून मेंदूकडे जाते. चेहरा हलवणारी नसही त्याच बोगद्यातली. गाठ बहुधा तोलाच्या नसेवर, तिचं वेष्टण घडवणाऱ्या ‘श्वॉन’ नावाच्या पेशींतून उगवते. ती कर्करोगाची नसते. वाढलीच तर साधारणपणे वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर. आणि खरी अजब गोष्ट पुढेच आहे. तोलाची नस निकामी होत असूनही माणसाला सहसा गरगरत नाही, कारण मेंदू तेवढ्या अवधीत दुसऱ्या कानावर कारभार चालवायला शिकतो! कळतं ते इतकंच, की एका कानाला फोन लावला की शब्द नीट लागत नाहीत. मग फोन दुसऱ्या कानाला जातो आणि वर्षं निघून जातात. आपल्याकडे म्हणूनच पुष्कळ गाठी सापडतात त्याच तीन-चार सेंटिमीटरच्या होऊन, लहान मेंदू आणि मेंदूस्तंभ रेटताना.

शस्त्रक्रियेत बहुतेकदा कानामागच्या हाडात छोटी खिडकी पाडतात. मेंदूभोवतीचं पाणी थोडं वाहू दिलं की लहान मेंदू आपसूक सैल पडतो आणि वाट मोकळी होते. गाठ दिसली तरी ओढायची नाही. उसवलेल्या उशीतला कापूस काढावा तशी ती आधी आतून रिकामी करतात. मग कवच ढिलं पडतं, आतल्या बाजूला दुमडतं आणि मेंदूस्तंभापासून अलगद सोडवता येतं.

सगळा जीव अडकलेला असतो तो चेहऱ्याच्या नसेत. मोठ्या गाठीवर ती ताणून चपटी, जवळजवळ पारदर्शक झालेली असते. सूक्ष्मदर्शकातूनही गाठीच्या कवचापासून वेगळी ओळखू येत नाही. म्हणून सर्जन विजेची अगदी सौम्य टोचणी देत जातो. गालाच्या स्नायूंतल्या सुयांनी हालचाल टिपली, यंत्र वाजलं, की नस इथेच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाठ बोटानं उकरून काढत आणि बहुसंख्य रुग्ण दगावत. हार्वे कुशिंगनं १९१७ साली या गाठींवर अख्खा ग्रंथ लिहिला. गाठ आतून पोखरायची आणि कवच तसंच सोडायचं, ही त्याची रीत. मृत्यू एकदम कमी झाले, पण गाठी पुन्हा वाढत. वॉल्टर डँडीनं मग कवचासकट गाठ काढून दाखवली. चेहऱ्याची नस बहुधा त्यात जाई. १९६०च्या दशकात विल्यम हाउस या मूळच्या दंतवैद्यानं सूक्ष्मदर्शक आणि ड्रिल घेऊन थेट अंतर्कर्णातूनच वाट काढली. मुंबईत तोवर रामचंद्र गिंडे आणि होमी दस्तूर यांच्यामुळे मेंदूशस्त्रक्रिया रुजली होती.

मला थोर वाटतो तो सध्याचा समजूतदारपणा. नसेला चिकटलेला पातळ थर सुटत नसेल, तर आज अनेक सर्जन तो ठेवून देतात. कारण शुद्धीवर आलेल्या रुग्णाला आधी ‘डोळे घट्ट मिटा, दात दाखवा’ असं सांगतात, ते उगाच नव्हे. चेहऱ्याची नस दुखावून पापणी मिटली नाही तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. त्या बाजूचं ऐकणं बहुधा परत येत नाही. तोल व्यायामानं सावरतो. उरलेल्या थरावर ठरावीक काळानं एमआरआय करून नजर ठेवतात, आणि वाढू लागलाच तर गॅमा नाइफचे किरण देतात.