शेपटीकडचे दहा ग्रॅम

पंखाखाली दोन्ही हातांचं एकेक बोट धरून विमान अलगद उचलायचं. नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपटी बसली तर बॅटरी बोटभर पुढे सारायची आणि पुन्हा उचलायचं. रिमोटवरच्या विमानाची ही पहिली परीक्षा. शेपटी जड राहिली तर हवेत नाक वर जातं, वेग मरतो आणि उडवणाऱ्याला काही सुचायच्या आत विमान खाली येतं.

शेपटी तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर तिच्याकडे सांडलेल्या दहा ग्रॅम गोंदाला नाकात तीस ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणून तर बाल्सा लाकूड वापरतात. हे झाड आपल्या सावरीच्याच कुळातलं. पण कोकणात होळीला उभी राहणारी सावर बाल्सापुढे चांगलीच जड.

ही ग्रॅमाग्रॅमाची चिकाटी विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी. अमेरिकेतली ‘एसएई एअरो डिझाइन’ १९८६ पासून चालू आहे. आपल्याकडे एसएई इंडिया याच धर्तीची स्पर्धा घेते, बोइंगही आयआयटींना सोबत घेऊन एक भरवते. बघ्यांना वाटतं, गिरकी मारली की जिंकलं. एसएईच्या मुख्य गटात मात्र सवाल हमालीचा असतो: ओझं किती उचललंत? शिवाय किती उचलाल, याचा अंदाज अहवालात आधीच मांडायचा आणि तो खरा ठरवून दाखवायचा. मला हा भाग सगळ्यात आवडतो. नशिबानं उडालेलं विमान तिथे उघडं पडतं.

हा अंदाज चुकवते ती हवा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तापमान तेच धरलं तरी तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सहाएक टक्के विरळ, आणि त्याच वेगाला पंखाची उचलही तेवढीच कमी. पुण्यात जेमतेम उठणारं विमान ताम्हिणी उतरून रायगडच्या किनाऱ्यावर आणलं, तर तेच थोडं ओझं जास्त पेलेल. दुपारी मात्र हा फायदा वितळतो. १५ अंशांची हवा ३५ अंशांवर गेली की साडेसहा टक्के विरळ होते. त्यात दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते, जड नव्हे. अलिबागच्या घामात हे कुणाला पटायचं नाही!

तेव्हा सकाळ बरी. ओहोटीची वेळ साधली तर नागावची ओली, घट्ट पुळण म्हणजे फुकटची धावपट्टी. रात्रीचे मतलई वारे थकलेले, दिवसाचे खारे वारे अजून उठायचे असतात. किनारा दक्षिणोत्तर आणि खारा वारा पश्चिमेचा. एकदा तो सुटला की धावणाऱ्या विमानाला आडवाच लागतो. रविवारी पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा तर नकोच. शिवाय वाळूचा एक कण मोटारीत गेला तरी पुढची सकाळ ती खोलण्यात जाते.

उडवण्याआधी नकाशाही बघायला हवा. ड्रोन नियम २०२१ मध्ये अशी हौशी विमानंही येतात. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत मात्र बंधनं सुरू होतात. नवी मुंबईचा विमानतळ रायगड जिल्ह्यातच, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उडू लागलेत. अलिबागकरांना तो पुरेसा लांब आहे. पनवेल-उलव्याच्या पोरांनी मात्र विमान गाडीत घालून खाली किनाऱ्याकडेच यावं.